पुस्तक पालथं घाल आणि सांग

मी आयुष्यात सहावी इयत्ता पाहिलेली नाही. पाचवीतून मी थेट करोल बागेतल्या एका गच्चीवर गेले आणि गच्चीवरून सातवीत उतरले. मला पाहायला मंडळी आली होती तेव्हा शिक्षण विचारल्यावर मी हेच वाक्य टाकलं होतं, आणि होणाऱ्या सासूबाईंचा चहा कपातून बशीत आला होता. लग्न तरीही झालं. तेव्हा या प्रकरणात जे सांगणार आहे त्यामुळे माझं फारसं नुकसान झालं असं कोणी समजू नये.

झालं असं की पप्पांची नगरहून दिल्लीला बदली झाली ती अगदी अडनिड्या वेळी. सरकारी क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर कुठेतरी तळाला होता, म्हणून आम्ही करोल बागेत एक बरसाती भाड्याने घेतली. बरसाती म्हणजे घराच्या डोक्यावरची एकुलती एक खोली, पत्र्याच्या आडोशाला स्वयंपाकघर आणि उरलेलं सगळं आभाळ. खाली गल्लीत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं होती. दिवसभर कोणीतरी पत्रा ठोकत असायचं, आणि दुपारी शेजारच्या तंदूरवाल्याच्या रोट्यांचा वास जिना चढून वर यायचा. शाळा मात्र मिळेना. तीन शाळांच्या पायऱ्या आम्ही चढलो आणि उतरलो. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "सेशन शुरू हो चुका है जी. मार्च में सातवीं का टेस्ट दिलवाना."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी सभा भरली ती मला शब्दन्‌ शब्द पाठ आहे. पप्पा म्हणाले, "निलीला नगरला मामाकडे पाठवू. तिथे राहील, शाळा बुडणार नाही." पप्पा माणूस शांत, कचेरीत फायलींच्या कडा जुळवून ठेवणारा. त्यांना वर्ष बुडणं म्हणजे फाईल हरवण्यासारखं वाटत होतं. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "पोर माझ्याजवळ राहील. सहावी मी शिकवते."

"आणि मार्चमध्ये नापास झाली तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं. मीच तिला गाडीत बसवून देईन."

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मामाचं घर मला आवडायचं, पण सुट्टीपुरतं. आईशिवाय वर्षभर मला राहायचं नव्हतं. त्यामुळे पुढचे सगळे महिने मी शिकले ते ज्ञानाच्या ओढीने वगैरे नाही, नगरच्या गाडीत बसावं लागू नये म्हणून.

आता आईची पद्धत सांगते. माझे आजोबा नगरजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते. त्यांच्या घरी रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी कोणीतरी एक अध्याय मोठ्याने वाचायचं, एकदाच. मग पुस्तक टेबलावर पालथं घातलं जायचं आणि सगळ्यात धाकट्याने ऐकलेलं सांगायचं. त्याला जे आठवलं नाही ते त्याच्याहून मोठ्याने, उरलेलं त्याच्याहून मोठ्याने. आई सहा भावंडांत सगळ्यात धाकटी. म्हणजे तिच्या लहानपणी रोज सकाळी पहिली उडी तिचीच. त्या घरात या पद्धतीला काही नाव नव्हतं. आंघोळीला जसं नाव नसतं तसं.

आणि इथे मला जरा थांबून हसू द्या. गुरुग्राममध्ये बाविसाव्या मजल्यावर राहणारी माझी लेक ऋचा तिच्या सहा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवते. मागच्या महिन्यात ती मला लॅपटॉपवर एक अभ्यासक्रम दाखवत होती. "मम्मा, हे बघ, क्लासिकल मेथड. मूल ऐकतं, मग आपल्या शब्दांत परत सांगतं. सुंदर अक्षरात उतारे काढतं. पाठांतर करतं. सगळी फॅमिली एकत्र बसून मोठ्याने वाचते. अमेरिकेत फार चाललंय हे." मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि विचारलं, "यात मटार सोलणं कितव्या पानावर आहे?" तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टाच करत होते, पण मटार खरे होते.

कारण आमच्या शाळेचं सगळ्यात मोठं साधन म्हणजे दिल्लीचा हिवाळा. सकाळी खोलीत पाढे व्हायचे, नुसते दोन ते तीस नव्हेत, तर पावकी, निमकी, दीडकीसुद्धा, आणि खालच्या पत्रा ठोकण्याचा आम्हाला फुकटात ताल मिळायचा. मग शुद्धलेखन. त्यासाठी वह्या नव्हत्या. पप्पा कचेरीतून बाद झालेले टंकलिखित कागद आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी टाकाने अक्षर गिरवायचे. माझ्या सगळ्या सुंदर हस्ताक्षराच्या मागे कोणाच्या तरी रजेचा अर्ज आहे. जेवण झालं की आम्ही सतरंजी आणि मटारची पिशवी घेऊन उन्हात. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सोलायचं. वाचणाऱ्याला मटारातून सुटका, त्यामुळे वाचायला भांडणं व्हायची. रविवारी पप्पाही असायचे. ते फार हळू वाचायचे, पूर्णविरामाला खरंच थांबायचे, आणि तोपर्यंत आमच्या पातेल्याचा तळ झाकला जायचा.

वाचायचं काय, याचं आम्हाला सोवळं नव्हतं. पहाडगंजात एका मराठी मंडळाच्या खोलीत दोन कपाटं पुस्तकं होती, तिथून आई दर शनिवारी हाताला लागेल ते आणायची. कोणा खलाशाच्या सफरी, पपईच्या लागवडीची माहिती, पहिली चाळीस पानं नसलेली एक ऐतिहासिक कादंबरी. त्या कादंबरीतला राजा कुठून पळून आला होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण नियम सगळ्यांना सारखा. पान संपलं की आई म्हणायची, "पुस्तक पालथं घाल आणि सांग." पपईसुद्धा सांगायची. आणि सांगताना पदरचं काही घातलं की आई बोटाने सतरंजीवर टकटक करायची. "मीठ, निली. पुस्तकात होतं तेवढंच."

हे माझ्याच्याने होत नसे. खलाशी वादळात सापडला तर माझ्या तोंडून त्याची टोपी उडून जायचीच. टकटक. राजाला तहान लागली तर त्याच्या घोड्यालाही लागायची. टकटक. शेवटी मी शिकले. चार महिन्यांत मी अशी झाले की पान एकदा ऐकलं की ते जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट, परत ओतायचे. आईला माझा किती अभिमान वाटायचा! ती बोलायची नाही, पण त्या दिवशी आमटीत माझ्या वाटीला खोबरं जास्त यायचं.

मग माझ्या मिठाचं काय झालं? ते हिंदीत गेलं. आमच्या मकानमालकीण चोप्रा आंटी तळमजल्यावर राहायच्या आणि काळ्या गाजरांच्या कांजीची, म्हणजे आंबवलेल्या सरबताची, बरणी उन्हात ठेवायला रोज वर यायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला बजावलं होतं, "बहनजी, बुरा मत मानना, पर लड़की को घर बिठाकर मटर छिलवाओगी तो अनपढ़ रह जाएगी." आई म्हणाली, "अनपढ़ कैसे रहेगी? हम पढ़ाताय ना." आईच्या हिंदीला व्याकरण नव्हतं, निर्धार होता. दुसऱ्या आठवड्यापासून आंटी बरणी ठेवून तिथेच सतरंजीवर टेकू लागल्या. मराठी वाचन त्यांना ओ की ठो कळायचं नाही. पण आईचा चेहरा बघून त्या अस्वस्थ व्हायच्या. "क्या हुआ? मर गया क्या? अरे कोई मुझे भी तो बताओ!" मग मी उठून उभी राहायचे आणि हिंदीत सांगायचे. तिथे टकटक नव्हती. माझ्या हिंदी खलाशाची टोपी उडायची, टोपीत त्याच्या आईचं पत्र असायचं, पत्र माशाच्या पोटात जायचं. "हाय रब्बा!" आंटी मटार सोडून दोन्ही हात गालांवर. आई खाली मान घालून सोलत राहायची. तिला कळत होतं की नाही, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

मार्च आला. शाळा रिजजवळची, म्हणजे शहरातल्याच एका जंगली टेकडीजवळची, मुलींची, पिवळ्या भिंतींची. फाटकातून आत जाताना चौकीदार एका कडुनिंबाकडे तोंड करून कोणाला तरी शिव्या देत होता. मी वर बघितलं, पाहिलं ते मनात ठेवलं आणि आईच्या मागोमाग आत गेले. पप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, पण ते आले नाहीत. "मी आलो तर मलाच घाम फुटेल," म्हणाले. घरी टेबलावर मामाला लिहिलेलं पत्र तयार होतं. त्यावर फक्त तारीख घालायची राहिली होती.

परीक्षेच्या खोलीत सूद मॅडम नावाच्या उंच बाईंनी पेपर वाटले. गणित झालं. पावकी-निमकीने तो पेपर मी भाजी चिरावी तसा चिरला. मग हिंदीचा पेपर आला. एक उतारा, त्याखाली सहा प्रश्न. गावातली विहीर, तिच्यावरचा रहाट आणि रहाट ओढणारा एक म्हातारा बैल, असा काहीतरी होता. मी तो प्रश्नांसकट वाचला. एकदा. आणि मग, सवयीने, पेपर बाकावर पालथा घातला आणि लिहायला लागले.

सूद मॅडम फेरी मारत आल्या. पालथा पेपर पाहून त्यांना वाटलं, हिचं झालं. त्यांनी तो उचलला आणि घेऊन गेल्या. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही! आमच्या घरी तर पालथं घातलेलं पुस्तक परत उघडायचंच नसे. मी लिहीत राहिले. सहाही उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर उताऱ्यातल्या वाक्यांत, जसंच्या तसं, मीठ न घालता. बाकीच्या मुली अजून मान खाली घालून पेपरात उत्तरं शोधत होत्या तेव्हा मी खिडकीतून माकडं मोजत होते.

अर्ध्या तासाने आम्हाला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, ठेंगण्या, खांद्यावर शाल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शेजारी सूद मॅडम माझा कागद हातात धरून उभ्या. "मॅडम, पेपर मेरे पास था. खुद मैंने उठाया. और इस लड़की ने पूरा पैसेज उतार दिया है. शब्द-शब्द. इसने पेपर पहले से देखा हुआ है."

आईला हिंदी कमी येत असेल, पण चोरीचा आरोप कुठल्याही भाषेत कळतो. ती खुर्चीवरून उठली. पदर खोचला. "हमारी लडकी चोरी नहीं करती! उसको हमने ऐसाच सिखाया है. एक बार पढ़ने का, पालथा घालने का, और सांगने का!"

"क्या घालने का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी मध्ये पडले आणि घाबऱ्याघुबऱ्या हिंदीत पद्धत समजावून सांगितली. आजोबा, अध्याय, मटार, सगळं. सूद मॅडमनी एक भुवई वर केली. "अच्छा? मटर?" माझ्या डोळ्यांसमोर नगरची गाडी उभी राहिली, शिट्टीसकट.

मोठ्या बाईंनी टेबलावरच्या कागदांत हात घातला आणि एक कागद काढला. "यह सर्कुलर मैंने आज सुबह लिखा है. मेरे सिवा किसी ने नहीं पढ़ा. सुनो." त्यांनी वाचला, एकदाच, आणि भरभर. वाचून झाल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला, पालथा. बहुतेक मुद्दाम.

मी हात मागे बांधले आणि सुरू केलं. "सभी छात्राओं को सूचित किया जाता है कि रिज की ओर से आने वाले बंदरों के कारण आधी छुट्टी में कोई भी छात्रा मैदान में टिफिन नहीं खोलेगी. भोजन कक्षा में ही किया जाएगा. उस समय सब खिड़कियाँ बंद रहेंगी. बालों में चमकीले रिबन न बाँधें. बंदरों को केला देने वाली छात्रा के अभिभावकों को बुलाया जाएगा. चौकीदार लाठी लेकर मैदान में उपस्थित रहेगा," आणि इथे थांबायचं होतं. कागद इथेच संपत होता. पण माझ्यासमोर तीन बायका टक लावून बघत होत्या, आणि भाषा हिंदी होती. "लेकिन लाठी बंदर ले गए हैं."

"निली!" आई मराठीत कुजबुजली. "मीठ!"

मोठ्या बाईंनी कागद उलटून पाहिला. "बाकी सब सही है. हर शब्द. पर लाठी वाली बात इसमें कहाँ है?"

संपलं, मला वाटलं. अख्ख्या वर्षाचं शिक्षण एका वाक्यात मातीत घातलं. "इसमें नहीं है," मी म्हणाले. "गेट के पास नीम पर है. चौकीदार नीचे खड़ा गालियाँ दे रहा है."

सूद मॅडम खिडकीपाशी गेल्या. त्यांनी बाहेर वाकून पाहिलं. मग न वळता म्हणाल्या, "है तो सही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून छातीवर सोडून दिला. सुटलो असं मला वाटत होतं, तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची माझ्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात कुठेच तयारी नव्हती. "सुनाया तो बहुत अच्छा. अब यह बताओ, मेरा यह नियम तुम्हें कैसा लगता है?"

  मला पपईची लागवड विचारा, पळून आलेला राजा विचारा, पाऊणशे वाक्यं मी उभ्याउभ्या ओतली असती. पण मला कसं वाटतं? हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच दिसलं की तिलाही उत्तर माहीत नाही. तिलाही कधी कोणी विचारलं नव्हतं. सहा भावंडांत पहिली उडी मारणाऱ्या त्या मुलीला अध्याय सांगून झाल्यावर पुढे काही विचारलंच गेलं नव्हतं.

"कुछ तो लगता होगा," मोठ्या बाई म्हणाल्या. घाई न करता.

 मला वाटण्यासारखं काही सापडेना. मी आत चाचपडले, जसं अंधाऱ्या फडताळात हात घालून काडेपेटी शोधावी. हाताला मत लागलं नाही. एक प्रश्न लागला. "मैडम, जब यहाँ स्कूल नहीं था, टिफिन नहीं थे, तब बंदर क्या खाते थे?"

मोठ्या बाई सूद मॅडमकडे वळल्या. "सूद जी, क्या खाते थे?"

"मुझे क्या पता, मैडम. मैं तो गणित पढ़ाती हूँ."

"मुझे भी नहीं पता," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या आनंदाने हसल्या की त्यांची शाल घसरली. त्यांनी तो कागद ओढला, त्यावर 'अभी रोकें' असं लिहिलं आणि बाजूला ठेवला. मग माझा फॉर्म घेतला, त्यावरही काहीतरी लिहिलं आणि आईच्या हातात दिला. "सातवीं. इनकी क्लास टीचर सूद मैडम होंगी." सूद मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की हे नातं पुढे वर्षभर दोघींनाही महागात पडणार हे मला तिथेच कळलं. पडलंही.

आम्ही बाहेर आलो. फॉर्म तिने छातीशी धरला होता. फाटकाबाहेर बसस्टॉप डाव्या हाताला होता आणि ती उजवीकडे वळली, रिजच्या भिंतीच्या कडेने. मला वाटलं चुकली. "आई, बस तिकडे."

"माहितेय." चार पावलं. "पण खरंच गं, काय खात असतील?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही," आई म्हणाली. ज्या बाईने मला तीसपर्यंत पाढे, दोन कपाटं पुस्तकं आणि पपई शिकवली होती, ती हे म्हणाली, आणि तिला त्यात जराही लाज वाटत नव्हती. उलट तिचे डोळे चमकत होते. "चल, बघू."

भिंत एका जागी खचली होती, तिथे आम्ही उभ्या राहिलो. आत सगळं काटेरी आणि धुळकट, आणि मध्येच एक झाड, पान एक नाही, नुसती लालभडक, तळहाताएवढी फुलं. झाडावर माकडं. एक म्हातारी माकडीण फूल दोन्ही हातांनी धरून त्यात तोंड खुपसत होती, जसं कोणी वाटीतली आमटी संपवतं. मग रिकामं फूल खाली टाकायची आणि दुसरं घ्यायची. पिल्लू तिने टाकलेली फुलं उचलून पाकळ्या चघळत होतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. दोन बस गेल्या. एक आइस्क्रीमवाला थांबून आमच्याकडे, मग माकडांकडे बघून गेला. आई एकदाही म्हणाली नाही की आता सांग.

आम्ही करोल बागेतला जिना धावतच चढलो. पप्पा बरसातीच्या दारातच उभे होते, हातात मामाचं पत्र, चेहरा पांढरा. "काय झालं? इतका उशीर? मिळालं का?"

आणि आम्ही दोघी एकदम, एकमेकींच्या वर आवाज चढवत ओरडलो, "फुलं! फुलं खातात ती!"